गुलटेकडीचे मैदान आणि संगणकावरचे साम्राज्य

१

कलाशाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी जातिव्यवस्थेचे आर्थिक परिणाम हा भाग शिकवीत होतो. माणसाला व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य नाकारले की समाजाची उत्पादनशक्ती कशी खुंटते, ज्ञान एकाच वर्णाच्या कोठारात कसे कुजत पडते, हे बाबासाहेबांच्या विवेचनाच्या आधाराने मांडून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, गेममध्ये उलटं आहे. जातिव्यवस्था लावली की शास्त्रज्ञ वाढतात."

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मुलगा चेष्टा करीत नव्हता. तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच घरांतला. त्याच्या आजोबांना शाळेच्या ओट्याबाहेर बसविले होते, हे त्याला घरात ऐकून माहीत होते. पण रात्र रात्र जागून ज्या खेळात तो राज्ये उभारीत होता त्या खेळाने त्याला दुसरेच काही शिकविले होते, आणि ते त्याच्या अंगवळणी पडले होते. आजोबांची आठवण एका बाजूला आणि बोटांची सवय दुसऱ्या बाजूला, असा तो उभा होता.

मुलगा सांगत होता ते खोटे नव्हते. 'सिव्हिलायझेशन' या नावाच्या खेळमालेतला चौथा खेळ २००५ साली अमेरिकेत निघाला. त्यात खेळणाराने आपल्या राज्याची व्यवस्था ठरवायची असते. 'श्रम' या सदराखाली पाच पर्याय दिलेले आहेत : टोळीजीवन, गुलामगिरी, भूदासपद्धती, जातिव्यवस्था आणि मुक्ती. जातिव्यवस्था निवडली की नगरात शास्त्रज्ञ, व्यापारी आणि कलावंत हवे तितके नेमता येतात, त्यांच्या संख्येवरची मर्यादा उठते. ही व्यवस्था केव्हा उपलब्ध होते? राज्याने 'कायदेसंहिता' हे ज्ञान संपादन केल्यावर. शूद्राला ज्ञान नाकारणारी संहिता ज्या देशात झाली, आणि ती संहिता २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिथे जाहीरपणे जाळावी लागली, त्या देशातल्या व्यवस्थेचे नाव घेऊन हा खेळ सांगतो की कायदेसंहिता आली की जातिव्यवस्था मिळते आणि जातिव्यवस्था आली की अमर्याद शास्त्रज्ञ मिळतात. पहिले अर्धे वाक्य इतिहासाला धरून आहे. दुसरे अर्धे वाक्य इतिहासाचा खून आहे.

त्या दिवसापासून मी या खेळांकडे इतिहासाचा शिक्षक म्हणून पाहू लागलो. करमणुकीचे साधन म्हणून त्यांची परीक्षा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु हे खेळ आपली विक्री 'इतिहास' म्हणून करतात. जो इतिहास विकतो त्याला इतिहासाचे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

२

डावपेचाचा खेळ ही काही संगणकाची देणगी नव्हे. बुद्धिबळ आपल्याकडचे. त्याचे जुने नाव चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांचा खेळ. १८१४ साली, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या चारच वर्षे आधी, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत उतरून मुंबईत छापले गेले. ज्या काळात महारामांगाच्या पोराला अक्षर दिसणे दुर्मिळ होते, त्या काळात लाकडी प्याद्यांच्या हालचालींवर देवभाषेत ग्रंथरचना चालली होती. याच खेळाच्या देशी पद्धतीत एक नियम होता. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याला हवे ते मोहरे होता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचेल तेच मोहरे त्याने व्हायचे. युरोपी पद्धतीत प्याद्याचा सरळ वजीर होतो. खेळाच्या नियमावरून समाजाचे निदान करण्याची घाई मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की नियम करणारा माणूस आपल्या डोक्यातले जग नियमात घालीत असतो, आणि खेळणारा ते जग निमूट मान्य करून खेळायला बसतो.

पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ सिद्ध केला, आणि सेनापतींना शिकविण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, आणि वरून पाहणारा सेनापती. आजच्या सगळ्या संगणकी डावपेच-खेळांची बैठक हीच आहे. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी पहिले 'सिव्हिलायझेशन' केले, तेव्हा या नकाशावर केवळ युद्ध न ठेवता सगळी मानवी संस्कृतीच ठेवली. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक वसाहत करून सुरुवात करायची आणि अंतराळापर्यंत पोचायचे. सहा हजार वर्षे राजा एकच, तो मरत नाही. १९९७ साली 'एज ऑफ एम्पायर्स' आले, आणि पुण्यासारख्या शहरात सायबर कॅफेच्या काळोख्या खोल्यांतून तासाला पैसे मोजून पोरे साम्राज्ये उभारू लागली. मीही त्यांतलाच एक होतो. घरी आईला वाटे, पोरगा कॉम्प्युटर शिकतो आहे.

या खेळप्रकाराचे वर्णन करण्यासाठी १९९३ साली ॲलन एमरिच या अमेरिकन समीक्षकाने चार क्रियापदांचे एक सूत्र केले. मराठीत सांगायचे तर ते असे होते : शोधा, पसरा, पिळा, संपवा. सूत्र गंमतीने केले असेल, पण गेली तीस वर्षे ते जाहिरातीत, परीक्षणांत आणि दुकानाच्या पाटीवर खेळाचा गुण म्हणून मिरवते आहे. 'पिळा' हे क्रियापद ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांवर चालविले गेले त्यांच्या नातवाने ते कौशल्य म्हणून शिकायचे, ही यातली खरी गोम आहे.

३

आता जातिव्यवस्थेच्या त्या पर्यायाकडे पुन्हा येऊ. खेळ करणारे म्हणतील की आम्ही जातीचे समर्थन केले नाही. गुलामगिरीही ठेवली आहे, तिचे समर्थन कोण करील? हे मान्य. गुलामगिरीच्या पर्यायात लोकसंख्येचा बळी देऊन काम चटकन पुरे करता येते, म्हणजे तिथे निदान माणूस मरतो हे दिसते. जातिव्यवस्थेच्या पर्यायात कोणीच मरत नाही. कोणी गावाबाहेर राहत नाही, कोणाच्या गळ्यात मडके नाही, पाणवठा कोणाला बंद नाही. जातीची किंमत कोण चुकवतो हा प्रश्नच नियमात नाही. श्रमाची एक सोयीस्कर वाटणी, इतकाच जातीचा अर्थ उरतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त ज्या युक्तिवादाचे वाभाडे काढले तो नेमका हाच युक्तिवाद होता. कामांची विभागणी प्रत्येक समाजात असते. पण काम करणाऱ्या माणसांनाच जन्माने कप्प्यांत कोंडून त्या कप्प्यांची उतरंड लावणे ही वेगळी गोष्ट आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी एका परक्या देशातल्या खेळात तो मेलेला युक्तिवाद ठणठणीत उभा राहतो.

आणखी एक पाहा. या खेळात राज्याचा धर्म बौद्ध ठेवून समाजात जातिव्यवस्था लावता येते. नियमांना त्यात कसलीही विसंगती वाटत नाही. धर्म एका खणात, समाजव्यवस्था दुसऱ्या खणात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी जे पाऊल उचलले ते याच दोन खणांमधली भिंत पाडण्यासाठी होते. खेळाच्या लेखी बुद्ध म्हणजे विहार, भिक्षू आणि नगरातले थोडे समाधान.

मुक्तीचा पर्यायही मी नीट तपासला, कारण तिथे तरी आपण सापडू असे वाटले होते. 'लोकशाही' हे ज्ञान मिळाले की राजाला मुक्ती लागू करता येते. शेजारच्या राज्यांनी ती लागू केली आणि आपण केली नाही, तर आपली प्रजा असंतुष्ट होते. हा भाग चांगला आहे, एका देशातली मुक्ती दुसऱ्या देशातल्या दास्याला स्वस्थ बसू देत नाही हे त्यात मान्य केले आहे. पण मुक्ती देणारा राजाच, आणि ती देण्यात त्याचा फायदा. असंतुष्ट प्रजा नगराच्या पटावर लाल रागीट चेहऱ्यांनी दाखविली जाते. असे नागरिक काम करीत नाहीत आणि अन्न मात्र खातात. सत्ताधाऱ्याच्या नजरेतून आंदोलनाची व्याख्या याहून चोख करता येणार नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेली माणसे या पटावर आली तर ती लाल चेहरे होतील : काम न करणारी, फुकट खाणारी, आणि लवकर शांत करायची.

याच खेळात प्रत्येक राष्ट्राला एक खास पथक दिले आहे. कोणाला खास घोडेस्वार, कोणाला खास तिरंदाज, कोणाला खास रणगाडा. भारताला काय दिले आहे? 'वेगवान मजूर'. इतरांचा मजूर जितके अंतर चालतो त्याहून भारताचा मजूर अधिक चालतो. तो रस्ते करतो, जंगल तोडतो, शेते तयार करतो. त्याला नाव नाही, घर नाही, तो दमत नाही, मजुरी मागत नाही.

माझे वडील पुण्यात बिगारी होते. सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्या टेम्पोत चढायचे. ज्या इमारतींत आज संगणकाच्या कंपन्या आहेत त्यांतल्या काहींच्या स्लॅबवर त्यांनी घमेली वाहिली आहेत. मुकादमाच्या तोंडचा एकच शब्द त्यांच्या लक्षात राहिला होता : "पटापट." त्यांना खेळ दाखवावा असे मला कधी वाटले नाही. पण भारताचे वैशिष्ट्य म्हणून जगाच्या बाजारात वेगवान मजूर उभा केलेला पाहिला, तेव्हा खेळ करणाऱ्यांनी नकळत एक सत्य सांगितले असे मला वाटले. या देशाची खरी शक्ती कोणती हे परक्याला दिसले. ती शक्ती कोणत्या जातींची, हे मात्र त्याने विचारले नाही.

४

'एज ऑफ एम्पायर्स' मालेतल्या तिसऱ्या खेळाला २००७ साली 'द एशियन डायनॅस्टीज' ही पुरवणी जोडण्यात आली. भारत, चीन आणि जपान ही तीन राष्ट्रे आता खेळता येतील, हेच तिच्या विक्रीचे मुख्य आकर्षण. आपला देश खेळात आला याचा आनंद तेव्हा अनेकांना झाला. कोणता देश आला ते पाहा.

या खेळात नकाशावरचा अज्ञात प्रदेश शोधायला प्रत्येक राष्ट्राचा एक नायक बाहेर पडतो. भारताचा नायक आहे हत्तीवर बसलेला ब्राह्मण. प्रदेश तोच शोधतो, खजिने तोच मिळवितो, जखमी सैनिकांना तोच बरे करतो. ज्या वर्णाने समुद्र ओलांडणे पाप ठरविले तो वर्ण इथे शोधकाच्या रूपाने देशाचे प्रतिनिधित्व करतो. आणि भारताच्या प्रजेला पाळीव जनावरांपासून अन्न मिळविता येत नाही. त्यांच्यासाठी 'पवित्र कुरण' आहे. तिथे गाई उभ्या राहिल्या की राज्याचा अनुभव वाढतो. त्या गाई मरत नाहीत.

गाय मरत नाही, म्हणून मेलेली गाय ओढणारा माणूसही लागत नाही. या एका नियमाने गावकुसाबाहेरचा सगळा समाज नकाशावरून पुसला गेला आहे. पडलेले जनावर कोण ओढीत होते, त्याचे कातडे कोण कमावीत होते, भुकेपोटी ते मांस कोण खात होते आणि त्यासाठी कोणाला अस्पृश्य ठरविले गेले, हा भारताच्या इतिहासाचा कणा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिले ते याच प्रश्नाचा माग काढण्यासाठी. खेळ करणारांनी भारताविषयी माहिती गोळा केली असेल; पण ती ज्या पुस्तकांतून केली ती पुस्तके कोणी लिहिली होती हे उघड आहे. परक्याने आपल्याकडे पाहिले की त्याला आधी अंगणात उभा असलेला भटजी दिसतो. हे शंभर दीडशे वर्षे चालले आहे. प्राच्यविद्येच्या पंडितांनी केले तेच आता संगणकाने केले.

२०२० साली याच खेळाची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्या वेळी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींशी बोलून त्यांच्या राष्ट्रांची नावे बदलण्यात आली. परक्यांनी ठेवलेली 'इरोक्वॉय' आणि 'सू' ही नावे जाऊन 'होडेनोशोनी' आणि 'लकोटा' ही त्यांची स्वतःची नावे आली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्यांना आपल्या नावाबद्दल आयुष्यभर झगडावे लागले त्या आपल्याला तिचे मोल कळते. पण असा प्रश्न भारताबद्दल विचारायचा झाला तर कोणाला विचारणार? दिल्लीला? विद्यापीठाला? की गावकुसाबाहेरच्याला?

५

आता आपल्या मुलुखाकडे. २००९ साली 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ निघाला. त्याचा आरंभ १७०० सालापासून होतो आणि त्यात ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या बरोबरीने मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. लंडन जिंकणारा मराठा सरदार होण्याची हौस त्यात भागविता येते. महाराष्ट्रातल्या पोरांना हा खेळ प्रिय झाला यात नवल नाही.

या खेळातले दोन नियम मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला नियम शाळेचा. राज्यात शाळा-महाविद्यालये बांधली की नवे ज्ञान मिळते, पण त्या भागातल्या खालच्या वर्गांत सुधारणेची ओरड सुरू होते आणि शांतता बिघडते. ओरड फार वाढली की बंड होते. म्हणून मुरलेले खेळाडू काय करतात? शाळा पाडून टाकतात. प्रजा पुन्हा शांत होते. मी हा डाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा थक्क झालो. १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि नंतर महारामांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा पुण्याच्या सनातन्यांना जे कळले होते तेच या नियमात लिहिलेले आहे. शिक्षणाने खालचा वर्ग बोलू लागतो. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणारा माणूस मूर्ख नव्हता. तो आपल्या बाजूचा डाव अचूक खेळत होता. या नियमापुरता हा खेळ प्रामाणिक आहे. त्याचा दोष एवढाच की तो खेळणाराला शाळा पाडणाराच्या खुर्चीत बसवितो, शाळा काढणाराच्या नव्हे.

दुसरा नियम पलटण मोडण्याचा. पलटणीचा खर्च परवडेनासा झाला की एक कळ दाबायची. पलटण नाहीशी होते. तिच्यातली माणसे कुठे गेली हे विचारण्याची सोय नाही.

पुण्याहून नगरच्या रस्त्याला भीमेकाठी कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या सुमारे आठशे-नऊशे सैनिकांनी तिथे पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. त्यात मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती आणि त्या पलटणीत महारांचा भरणा मोठा होता. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावे कोरली आहेत. त्यांतली २२ महारांची, शेवटी 'नाक' असलेली. त्या स्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि तो आपल्या चळवळीच्या नकाशावर आला. ही नावे दगडावर आहेत म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. एरवी ती कोणत्या बखरीत आली असती?

आणि मग त्या पलटणींचे काय झाले? १८९२ साली इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा एक नवा सिद्धांत तेव्हा निघाला होता. कळ दाबली गेली. ज्या घरांत तीन-तीन पिढ्यांनी बंदूक खांद्यावर वाहिली, ज्या घरांत पलटणीच्या शाळेमुळे अक्षर आले, ती घरे एका हुकमाने पुन्हा येसकरकीकडे ढकलली गेली. पण त्या माणसांना तोंड होते. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर शिपाई. त्यांनी १८९४ साली सरकारला अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. आणि शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. एका कळीचा परिणाम पुसायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. डावपेचाचा इतिहास शिकवायचा असेल तर खरा डावपेच हा आहे : हातात ना पट ना मोहरे, फक्त एक अर्ज, आणि तो पिढ्यान्पिढ्या लिहीत राहण्याची जिद्द.

६

जाहिरात काय विकते ते आता सांगतो. ती सिंहासन विकते. तुम्ही राज्य कराल, तुम्ही जग जिंकाल, तुम्ही इतिहास बदलाल, असे ती सांगते. महिना अखेरीस घरभाड्याची विवंचना असलेल्या पोराला दोन तासांपुरते सिंहासन मिळते. हे आकर्षण मी समजू शकतो. सायबर कॅफेत ते मी भोगले आहे. पण जो मुलगा सिंहासनावर बसून जगाकडे पाहायला शिकतो तो वस्तीकडेही तिथूनच पाहू लागतो. त्याला आपलीच वस्ती नकाशावरचा अडथळा वाटू लागते. रस्तारुंदीसाठी झोपड्या उठविल्या गेल्या तेव्हा माझ्याच एका विद्यार्थ्याने "शहराचा विकास व्हायला नको का?" असे म्हटलेले मी ऐकले आहे. त्याचा सगळा दोष खेळावर टाकणे अन्यायाचे होईल. वर्तमानपत्रेही हीच भाषा बोलतात. पण खेळ या भाषेचा रोज सराव करून घेतो.

जाहिरात दुसरी गोष्ट विकते ती प्रतिनिधित्व. तुमचा देश, तुमचा राजा, तुमचा महापुरुष. १९९१ पासून सहाव्या खेळापर्यंत भारताचा चेहरा म्हणजे मुख्यतः गांधी होते. त्यांच्यावर एक विनोद रचला गेला : खेळातल्या चुकीमुळे अहिंसावादी गांधी अणुबाँब टाकीत सुटतात. २०२० साली सिड मायर यांनी आपल्या आत्मकथनात स्पष्ट केले की अशी चूक मूळ खेळात कधी नव्हतीच. पण दंतकथा इतकी खपली होती की २०१० सालच्या पाचव्या खेळात ती गंमत म्हणून मुद्दाम घालण्यात आली. गांधींच्या हाती काल्पनिक अणुबाँब देऊन जग हसले. त्यांचे खरे अस्त्र कोणते होते हे पुण्याला ठाऊक आहे. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. हातात आलेले राजकीय हत्यार एका माणसाच्या प्राणासाठी खाली ठेवणे बाबासाहेबांना भाग पडले. अहिंसेचाही डावपेच असतो आणि त्यालाही बळी पडतात. हे कोणत्या पटावर दाखविणार?

आपणही पटावर असावे, बाबासाहेबांनाही खेळातला नेता करावे, अशी मागणी काही तरुण करतात. तिच्यामागची अस्मिता मला कळते. पण २०१८ सालची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅनडातल्या क्री लोकांचे एकोणिसाव्या शतकातले नेते पाउंडमेकर यांना 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या खेळात घेतल्याची जाहिरात झाली, तेव्हा त्याच समाजाचे पुढारी मिल्टन टूटूसिस यांनी हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की भूमी जिंकण्याची, दुसऱ्यांना अंकित करण्याची वसाहतवादी मूल्ये आमच्या पूर्वजांचीही होती असा भास या खेळाने होतो. हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. बाबासाहेबांना सिंहासनावर बसवून त्यांच्या हाताने शेजारचे राज्य जिंकविले, तर तो त्यांचा सन्मान होईल काय? २०२५ साली आलेल्या सातव्या खेळात सम्राट अशोकाची दोन रूपे ठेवली आहेत : एक जग जिंकणारा, एक जगाचा त्याग करणारा. कलिंगानंतर अशोक बदलला, हा एका माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग; त्याचे दोन सुटे सौदे झाले. ग्राहकाने हवा तो अशोक उचलावा.

आपल्या पुण्यातही आता खेळ तयार होतात. २०२० साली इथल्याच एका मंडळीने 'राजी' नावाचा खेळ केला. डावपेचाचा नव्हे, पण त्याची नायिका सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी आहे. राजा नाही, ब्राह्मण नाही, कसरत करणारी पोर. मला हे वाचून आनंद झाला. नंतर कळले की तिला शस्त्रे देव देतात आणि तिची लढाई राक्षसांशी आहे. जोतिरावांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली विचारलेला प्रश्न पुन्हा समोर येतो : हे राक्षस कोण होते? पुण्याच्या चौकात दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीची लढाई राक्षसांशी कधी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींना १९५२ साली मुक्ती मिळाली, पण पोलिसांच्या नोंदवहीतून त्यांची नावे अजून पुरती गेलेली नाहीत. ती लढाई खेळात यायची आहे.

७

गुलटेकडीला आज मार्केट यार्ड आहे. कांद्याच्या गोण्या, टेम्पो, हमालांची वर्दळ. त्या भागातून जाताना मला दर वेळी मुक्ता साळवे आठवते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मांगाची ही मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मांगामहारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने पेशवाईतल्या एका खेळाची हकीकत नोंदविली. तालीमखान्यासमोरून महार किंवा मांग गेला तर त्याचे मस्तक छाटून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होत असे. इमारतीच्या पायात तिच्या माणसांना गाडले जाई हेही तिने लिहिले.

पुण्यातल्या खेळांचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान हे आहे. ज्याच्या डोक्याचा चेंडू होतो त्याच्या बाजूने खेळाचे वर्णन करणारी ही चौदा-पंधरा वर्षांची पोर माझ्या मते आपली पहिली क्रीडासमीक्षक आहे. तिने खेळाची रंगत सांगितली नाही, जिंकले कोण ते सांगितले नाही. चेंडू कोण होता, ते सांगितले.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी खेळ सोडायला सांगितले नाही. मनाई करून काही साधत नाही, आणि मनाईचा आपल्या समाजाला पुरेसा अनुभव आहे. मी त्याला एक काम दिले. त्याच खेळात जातिव्यवस्था लाव, हवे तितके शास्त्रज्ञ नेम, आणि मग एका पानावर लिही : या नगरात विहिरीवर कोण येऊ शकत नाही, मेलेली गाय कोण ओढतो, शास्त्रज्ञाच्या घरचा मैला कोण नेतो. खेळ सांगणार नाही, ते आजोबांना विचार.

आठ दिवसांनी तो पाने घेऊन आला. एक पान सांगितले होते, अकरा झाली होती. आजोबा बोलू लागले आणि थांबेनात, असे तो म्हणाला. शेवटच्या पानावर त्याने खेळासाठी एक नवा नियम सुचविला होता : जातिव्यवस्था लावली की दर डावाला एक शास्त्रज्ञ जन्माला येण्याआधीच नाहीसा व्हावा, आणि किती नाहीसे झाले तो आकडा राजाला शेवटपर्यंत दाखवू नये.

मी इतकी वर्षे जे शिकवीत आलो ते याहून नेमके मला कधी मांडता आलेले नाही. ही अकरा पाने मी जपून ठेवली आहेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो भाग शिकविताना सुरुवात त्यांपासूनच करणार आहे.